भाऊबीजेची फेरी

“काका, बोट जरा आडवी धरा ना! निरांजन विझतंय,” मेधाताई पुन्हा म्हणाल्या.

धरली आडवी. करतो काय? हिंजवडीहून आलेले हे बहीण-भाऊ. भाऊबीज पाण्यावर करायची म्हणून अख्खी बोट घेतलेली. मुळशीच्या पाण्यावर संध्याकाळी वारा असतोच, त्याला काय मी घरी बसवून येऊ? अमोलसाहेब लाइफ जॅकेटवर मांडी घालून बसलेले आणि मेधाताई काडीवर काडी ओढतायत.

माझा सगळा जीव मागच्या वळणावर. तिथं माझी थोरली बहीण, गंगूअक्का, काठावर ताट घेऊन बसली होती. सकाळीच फोन आला होता तिचा, “मेल्या विश्राम, दरसाल नुसता हात हलवून म्होरं जातोस. औंदा उतर. लई वाट बघायला लावतुयास.” रस्त्यानं जायचं तर सगळ्या धरणाला वळसा, अर्धा दिवस मोडतो. आणि ऐन दिवाळीत आमचा बोटमालक मनीषशेठ मला अर्धा दिवस देतोय होय!

जाताना मी साहेबांना विचारलंही होतं.

“साहेब, हितं माझी बहीण हाय. ओवाळून घेतो अन् लगेच निघू.”

“येताना थांबू ना काका. आधी धरणात आत जाऊ, नाहीतर उजेड जाईल.”

बोट बघून अक्का उठली होती. मी हातानंच ‘येताना’ अशी खूण केली, तशी बिचारी परत खाली बसली.

आता इथं ओवाळणं झालं, फोटो झाले. फोटो हलला म्हणून परत ओवाळणं. एका भावाला माणसानं ओवाळायचं तरी किती? तोंडाशी आलेली शिवी गिळली. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा मी काही विचारलं नाही, सरळ बोट फिरवली.

वळण आलं तसा काठाकडं वळलो.

“काका, खूप उशीर झालाय हो,” अमोलसाहेब म्हणाले.

“येताना थांबू म्हनला हुता न्हवं?” मी खेकसलोच. नोकरी गेली तर गेली.

काठ जवळ आला. अक्का उभी होती, पण आमच्याकडं पाठ करून. समोरच्या डोंगरावर बीजेची बारीक कोर दिसत होती आणि अक्का ताट उचलून तिला ओवाळत होती. दिवसभर इतक्या बोटी गेल्या असतील, की इंजिनाचा आवाज ऐकून तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मी इंजिन बंद केलं.

“काका, त्या चंद्राला का ओवाळतायत?” मेधाताईंनी हळूच विचारलं.

“भाऊ नसला की ओवाळत्यात.”

अक्कानं वाकून नमस्कार केला, ताट पदराखाली झाकलं आणि ती चढ चढायला लागली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण माझ्या तोंडून ‘अक्का’ काही निघेना.