उघडं फाटक

वर्लिन प्रोखास्काने बंदूक घेतली तेव्हा त्याला वाटलं, अवघड काम संपलं. आता कायोटी, म्हणजे वासरं पळवणारे तिकडचे रानटी कोल्हे, मारायचे तेवढे राहिले. पण कायोटी राहतात दुसऱ्याच्या कुरणात, आणि सँडहिल्सच्या त्या गुराढोरांच्या मुलखात न विचारता दुसऱ्याच्या कुरणात पाऊल टाकणारा माणूस चोरातच जमा. मग हा बाबा धुतलेला शर्ट घालून, बंदूक घरी ठेवून दारोदार फिरू लागला.

कुठे शिकारीसाठी भाच्याला शब्द दिलेला, कुठे जावई आधीच दबा धरून बसत होता. एकाने कॉफी पाजली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि शेवटी नकारार्थी मान हलवली. त्या नकाराने तो जास्तच दमला. कॉफी पिताना त्याला आशा वाटू लागली होती.

"काय दाजी, मिळाली का जागा?" मेहुणा मर्ल भेटला की विचारायचा. "नाहीतर परसातच बसा. शेजारणीचं मांजर आहेच."

वर्लिनला हसू यायचं नाही. बायको, लव्हॉन, गेल्यापासून त्याला सकाळ नकोशी झाली होती. जाग पहाटेच यायची, आणि कॉफी एकट्यापुरती करावी लागायची. उठून जायला एक जागा असावी, एवढंच त्याला हवं होतं. कायोटी हे निमित्त. पण हे कुणाच्या दारात उभं राहून कसं सांगणार?

आर्डिथ कोल्टरच्या अंगणात शिरतानाच त्याला परत फिरावंसं वाटत होतं. सत्तरी ओलांडलेली ही बाई एकटीने गायींचा कळप सांभाळायची. विण्याचे दिवस होते. ती गोठ्यातून आली ती कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी.

"आजवर किती मारलेस?"

"एकही नाही."

"हे कबूल करतोस म्हणजे नवखाच आहेस." तिने हात फडक्याला पुसले. "परवा एक वासरू नेलं मेल्यांनी. गुरांच्या पाण्याची टाकी ओलांडून पलीकडच्या टेकडीवर बस. गायींच्या दिशेने गोळी झाडायची नाही. आणि माझ्या फाटकांशी खेळ नको."

"नाही बाई," वर्लिन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पोचला. पहिलं फाटक लावलेलं होतं. ते उघडून गाडी आत घेतली, पुन्हा लावलं. टाकीच्या पुढचं दुसरं फाटक मात्र सताड उघडं. कुणी विसरलं असेल, म्हणून त्याने तेही ओढून घेतलं, साखळी अडकवली. बाईचं एक काम आपण केलं, असं वाटून त्याला बरं वाटलं.

मग तो बर्फात बसून कायोटीला भुलवायला सशासारखी किंकाळी काढणारी शिट्टी फुंकत राहिला. कायोटी काही आला नाही. एक कावळा येऊन बघून गेला. दुपारी पाय बधिर झाले तेव्हा तो उठला.

फाटकाशी येऊन बघतो तर सगळा कळप तारांना खेटून हंबरतोय. पाणी पलीकडे. पलीकडून आर्डिथ साखळी सोडवत होती.

"हे कुणी लावलं?"

"मी. मला वाटलं..."

"लावलेलं फाटक लावायचं, उघडं उघडं ठेवायचं. इथल्या पोरांना हे चालता येण्याआधी कळतं." ती ओरडली नाही. "अंगावर पिणारी वासरं आहेत. गाईला पाणी नाही, तर दूध कुठून? कायोटी एकच वासरू नेतो रे."

गायी पाण्याकडे धावल्या. वर्लिन गाडीत बसला आणि निघाला. मिळालेली एकच जागा, तीही पहिल्याच दिवशी हातची गेली. पहिल्या फाटकापाशी उतरून त्याने ते उघडलं आणि तिथेच कपाळ टेकून उभा राहिला. आणखी दारं ठोठावण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं.

मागून आर्डिथची गाडी येऊन थांबली. "एवढ्या थंडीत, या वयात शिकारीचं खूळ कुठून शिरलं डोक्यात?"

खोटं बोलायचाही त्याला कंटाळा आला होता. "बायको गेली, बाई. घरी सकाळ सरत नाही."

तिने मागे वळून टाकीकडे बघितलं.

"टाकीवरचा बर्फ रोज पहाटे फोडावा लागतो," ती म्हणाली. "माझे खांदे ऐकत नाहीत आता. बंदूक घरी ठेव. कुऱ्हाड मी देते."

वर्लिनने होकारार्थी मान डोलावली. गाडी बाहेर काढून तो फाटकाशी परत आला आणि तिच्याकडे बघत थांबला.

"आता काय?"

"हे लावलेलं होतं," तो म्हणाला.

"मग लाव."