देव कौल देईना

सलग तिसऱ्या रविवारी बयाबाई बिरोबाच्या देवळात बसली होती आणि तिसऱ्या रविवारीही तिचं डोकं तडकलं होतं.

विश्रामबागच्या डॉक्टरांनी काही लपवून ठेवलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, हरिबाच्या घशातली गाठ कॅन्सरची आहे, नुसत्या रेडिएशनच्या शेकावर भागणार नाही, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचायची आशा चांगली आहे, पण आवाज जाईल. आणि उशीर केलात तर तीही वाट बंद होईल. एवढं ऐकून दुसरा कुणी हो तरी म्हणाला असता, नाही तर नाही तरी. हरिबा म्हणाला, देवाला विचारून सांगतो. जन्मभर मेंढरांना हाका मारत हिंडलेल्या माणसाने आवाज गेल्यावर करायचं काय, हे तिलाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो?

बरं, विचारायचं तरी कुणाकुणाला! सुरी लागली की रोग पसरतो, असं सांगून चुलत दीर चहा पिऊन गेला. मुलगा तानाजी फोनवर म्हणाला, आबा म्हणतील तसं. हरिबासाठी पेज पातळ करणाऱ्या, घोटाघोटाला त्याचा ठसका ऐकणाऱ्या बायकोला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

पुजाऱ्याने दोन ओल्या पाकळ्या देवाला लावल्या. उजवी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर नाही. ऊन पायऱ्या उतरून गेलं तरी दोन्ही जागच्या हलेनात. शेवटी हरिबा घोगऱ्या आवाजात म्हणाला, पुढच्या रविवारी येऊ.

बयाबाई उठून उभी राहिली. देवापुढे नवऱ्याला बोलू नये, एवढं तिला कळत होतं. तिने ते गुंडाळून ठेवलं.

"आवं, पुढल्या ऐतवारापातुर ती गाठ काय थांबून ऱ्हाणार हाय व्हय? देवाला इचारलं, भावकीला इचारलं. मला कवा इचारणार तुमी?"

पुजारी उगाच समईची वात सारखी करू लागला. हरिबा तिच्याकडे वळला.

"बरं," तो म्हणाला. "तू सांग. कापू दे का नगं? तू म्हणशील तसं."

आता मात्र बयाबाईचं इतके दिवस ओठांवर असलेलं 'हो' बाहेर येईना. टेबलावरच काही झालं तर? मुका होऊन कोपऱ्यात बसला आणि रोज तिच्याकडे बघत राहिला तर? मग ती कुणाकडे बोट दाखवणार होती? हा बाबा दर रविवारी इथे का येऊन बसतो ते तिला कळलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"कापू द्या," ती म्हणाली. "चुकलं तर जन्मभर मला शिव्या द्या."

"त्याला आवाज कुठनं आणू?"

"डोळ्यांनी द्या. मला कळतंय." आणि तिने तानाजीला फोन लावून सकाळची गाडी सांगायला लावली.