दारावर काढून घेतलेला केक

थिएटरच्या दारावर झडती घेणाऱ्या माणसाला सगळे चिमटा म्हणत, आणि हे नाव कुणी लाडाने ठेवलेलं नव्हतं. पिशवीत, पर्समध्ये, स्वेटरच्या आत, अगदी तान्ह्या बाळाच्या दुपट्यात, जिथे म्हणून बाहेरचं खाणं दडवलेलं असेल तिथे त्याची बोटं बरोबर पोचायची. बाहेरचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे अशी भलीमोठी पाटी होती, पण पाटीला भीक घालतो कोण? लोक चिमट्याला मात्र घाबरत. एका दांडग्या गड्याने कमरेला खोचलेली वेफर्सची पिशवी द्यायला नकार दिला, तेव्हा चिमट्याने मनगट पिरगळून त्याला बायकोदेखत गुडघ्यावर बसवलं होतं. दुसऱ्या एकाने चिमट्याच्या थोबाडीत दिली, तर त्याने त्याचं डोकं दाराच्या काचेवर आपटलं. काच तडकली, ती अजून तशीच होती. या कामाची त्याला लाज वाटत नसे. खरं सांगायचं तर त्याला मजा यायची.

जप्त झालेलं खाणं टेबलाखालच्या खोक्यात जायचं. तिथून पुढे काय, हे फक्त त्याला आणि मॅनेजरला ठाऊक. थिएटरात उंदीर माजले होते. खुर्च्यांचा फोम कुरतडत, पडद्यामागच्या वायरी तोडत, आणि बाजारातल्या विषारी वड्यांना तोंडही लावत नसत. रोज पॉपकॉर्न खाऊन सोकावलेले ते! मग मॅनेजरने डोकं चालवलं. लोकांच्या घरचं चवदार खाणं आयतं हातात येतंय, त्यावरच औषध टाकायचं. गेली चार वर्षं खेळ सुरू झाला की चिमटा खोकं मागच्या खोलीत नेई, हातमोजे चढवी, एकेका डब्यात पांढरी पावडर भुरभुरवी, झाकणं नुसती टेकवून खोकं परत टेबलाखाली सारी, आणि शेवटचा खेळ सुटल्यावर सगळं पडद्यामागे मांडून येई. डबा परत मागायला कुणी येत नसे, कारण प्रत्येकाला तो एकच वाक्य ऐकवायचा, "गेलं ते कचऱ्यात."

त्या दुपारी एका म्हातारीला मात्र त्याने ते वाक्य ऐकवलं नाही.

ती मुलाबरोबर आली होती. मुलगा वेल्डर, ठिणग्यांनी हात डागाळलेले, मान आणि खांदे वेगळे ओळखू येऊ नयेत असा आडवा. म्हातारीचा मोतीबिंदू नुकताच काढला होता आणि नव्या डोळ्यांनी पहिला सिनेमा बघायला ती नटूनथटून निघाली होती.

"आजी, पिशवी उघडा," चिमटा म्हणाला.

"उघड की. केक आहे, माझ्या हातचा. तुलाही देते एक तुकडा."

"आत न्यायचा नाही."

"मग काय बाहेर बसून खाऊ? आणि आतला सिनेमा तू येऊन सांगणार मला?"

रांगेतले लोक हसले. वेल्डर पुढे झाला. "तिला बाहेरचं तेल सोसत नाही. डबा राहू दे."

"डबा इथे राहील. माणसं आत जातील."

"हात लावून दाखव."

चिमट्याचे हात शिवशिवले. त्याने टेबल गुडघ्याने मागे सारलं आणि वेल्डरचा जबडा कुठून नरम असेल याचा अंदाज घेतला. पण म्हातारी दोघांच्या मध्ये आली आणि तिने स्वतःच निळा डबा त्याच्या हातात ठेवला.

"भांडू नका रे. घे बाबा, ठेव. फक्त फेकू नकोस, पहाटे उठून केलाय."

डबा अजून कोमट होता. चिमट्याने तो दोन्ही हातांनी धरला. "नाही फेकत," तो म्हणाला. "नंतर घेऊन जा." आपण हे काय बोलून बसलो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. निळा डबा वेगळा ठेवायचा असं त्याने मनाशी ठरवलंही होतं.

खेळ सुरू झाला. तो मागच्या खोलीत हातमोजे चढवतो न चढवतो तोच मॅनेजर दारात उभा. बायकांच्या शौचालयात पाणी तुंबलंय, पॅसेजपर्यंत आलंय, तू इथे काय करतोयस, असा त्याने तोंडाचा पट्टा सोडला. शिव्या खात खात चिमट्याने घाईने खोकं उरकलं. सात डबे होते. चार वर्षांची सवय हातांना. सातही डब्यांत पावडर पडली. केकवर पिठीसाखर होतीच, त्यात ती दिसलीसुद्धा नाही.

मध्यंतर झालं तेव्हा तो घोट्याएवढ्या पाण्यात फडकं पिळत होता. दुसऱ्या भागाची घंटा ऐकून परत दारावर आला आणि सवयीने टेबलाखाली वाकला. खोक्यात सहा डबे होते.

"इथला डबा कुणी नेला?" त्याने दाराशेजारच्या पॉपकॉर्नवालीला विचारलं.

"तो दांडगा नाही का, आईबरोबर आलेला. तूच म्हणालास ना नंतर घेऊन जा. मी दिला काढून."

चिमट्याने सहाही डबे पाहिले, निळा त्यात नव्हता. निळा डबा आपण वेगळा ठेवला होता का, हे त्याने आठवून पाहिलं, आणि त्याला आपल्याच हातमोज्यातली बोटं आठवली. तो आत धावला.

आत अंधार होता आणि पडद्यावर हाणामारी रंगात आली होती. बॅटरीचा झोत तोंडांवर मारत तो रांगांमागून रांगा उतरला. लोक शिव्या घालत होते. सातव्या रांगेत म्हातारी दिसली. मांडीवर डबा, हातात तुकडा, गाल हलत होते.

समजावून सांगायला वेळ कुठे होता? त्याने लाथेने डबा उडवला, एका हाताने म्हातारीची मान धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या तोंडात खुपसली. ती गुदमरली, तिने त्याला चावलं. त्याने बोटं आणखी आत घातली, खरवडून केक बाहेर काढला. बरोबर रक्त आलं आणि एक दात आला.

"उंदराचं विष आहे त्यात," तो ओरडला. पण पडद्यावर तेव्हाच कुणीतरी काचेतून खाली पडत होतं, आणि वेल्डरला एवढंच दिसलं की घरचा केक आणला म्हणून दारवान आपल्या आईचा गळा धरून उभा आहे.

पहिला ठोसा कानाखाली बसला. दुसऱ्या ठोशाने जबडा सरकला, तसा कट्ट आवाज चिमट्याने स्वतः ऐकला. तो खुर्च्यांच्या मध्ये पडला. मग बाकीचे आले. दारावर अपमान झालेले त्या थिएटरात काय थोडे होते? कुणी बरगडीत बूट घातला, कुणी बोटांवर टाच दिली, कुणी केस धरून डोकं खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटलं. एक बाई छत्रीने मारत होती आणि प्रत्येक फटक्याला आपल्या जप्त झालेल्या खाण्याचा हिशोब मागत होती. चिमट्याने एकालाही उलट मारलं नाही. तो तुटक्या जबड्याने विष, विष एवढंच म्हणत राहिला.

दिवे लागले. मॅनेजर धावत आला. खाली पसरलेला केक त्याने पाहिला, निळा डबा पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. पण माणूस बनेल. "तो पिऊन आलाय," त्याने जाहीर केलं. "विषबिष काही नाही. आत्ताच्या आत्ता कामावरून काढतो. आजींना पाणी द्या, आपण सिनेमा सुरू करू."

म्हातारी पोट धरून बसली होती. "एक तुकडा गिळलाय मी आधी," ती मुलाला म्हणाली. "त्याला पुरे आता. मरेल तो."

चिमट्याने जमिनीवरचा केक मुठीत गोळा केला. खुर्चीला धरून तो उठला आणि लडखडत मॅनेजरपर्यंत गेला. बोलता येत नव्हतं. त्याने ती मूठ मॅनेजरच्या तोंडासमोर धरली.

"अरे, हे काय?" मॅनेजर मागे सरला. चिमट्याने त्याची कॉलर पकडली आणि केक ओठांवर दाबला. मॅनेजरची दातखीळ बसली. तो मान फिरवत होता, नाकाने फुसफुसत होता, ओठ आवळून आवळून पांढरे पडले होते, पण तोंड काही उघडेना. शेकडो माणसं ते बघत उभी होती. छत्रीवालीने छत्री खाली घेतली.

"खा की," वेल्डर हळू आवाजात म्हणाला. "काही नाही ना त्यात? मग खा."

मॅनेजर रडायला लागला. वेल्डरने त्याच्या तोंडावर आपलं डोकं हाणलं, नाक फुटलं तरी सोडलं नाही, तसाच फरफटत ऑफिसात नेऊन ड्रॉवरमधून पावडरीचं पाकीट काढायला लावलं. मग आईला उचललं आणि पळाला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये चिमटा बाकावर बसला होता. जबडा बांधलेला, छातीला पट्टा, एक डोळा मिटलेला. येणारेजाणारे थांबून त्याच्या खांद्याला हात लावत होते. एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी यानेच सगळ्यांचा मार खाल्ला, अशी बातमी पसरली होती. आजवर इतक्या लोकांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं नव्हतं. त्याला ते सहन होत नव्हतं.

वेल्डर बाहेर आला आणि शेजारी बसला. सोललेल्या मुठींवर त्याने पट्ट्या बांधल्या होत्या.

"वाचेल म्हणतात. पोट धुतलं. पाकीट मिळालं म्हणून बरं झालं." "आई विचारतेय, त्या पोराला फार लागलं का?"

चिमट्याने नकारार्थी मान हलवली.

"मी मारायला नको होतं तुला. तो मॅनेजर म्हणतो, पाकीट माझं, पण पावडर मी टाकली नाही. पोलिसांनाही तेच सांगतोय. कोण विश्वास ठेवतो त्याच्यावर? त्यानेच टाकली ना?"

नुसती मान हलवायची होती. मॅनेजरच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नव्हतं. चिमट्याला निळा डबा आठवला, त्याचा कोमटपणा आठवला, आणि आपण दिलेला शब्द. त्याने सुजलेला हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

वेल्डरला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो सावकाश उठला आणि हातावरची पट्टी सोडवू लागला. नर्स येतेय का, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. चिमट्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. डावा जबडा मोडलेला होता, म्हणून वेल्डरने उजव्या बाजूला मारलं.