येल्विनचे सगळे चेंडू मी झेलले

मित्रांनो, मी कॅचरचा एक जुना हातमोजा आहे. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू फेकतो आणि कॅचर समोर उकिडवा बसून तो झेलतो. अमेरिकेजवळच्या एका बेटावर, कोन्सुएलो गावात, साखर कारखान्याच्या बैलांचे साज शिवणाऱ्या बासिलियोने उरलेल्या कातड्यातून मला शिवले. माणूस तिरसट, पण त्याचा टाका वीस वर्षांत उसवला नाही.

माझा धनी फेर्मीन पुएयो कारखान्यावर उसाची बैलगाडी हाकायचा आणि रविवारी कारखान्याच्या संघातून खेळायचा. ‘फेर्मीनच्या हातून चेंडू सुटत नाही,’ असे सारे म्हणत. थोडे श्रेय माझेही होते, पण ते कोणी दिले नाही.

पुढे त्याचा मुलगा येल्विन चेंडू फेकू लागला. घरामागच्या मोकळ्या जागेत बापलेक रोज सरावाला उभे राहत.

“हाताने फेकू नकोस रे!” फेर्मीन ओरडायचा.

“मग काय पायाने फेकू?”

“पायानेच! माझा आसूड बघितलास ना? जोर मुठीतून निघतो, टोक नुसतं वाजतं. आधी पाऊल घट्ट रोव. मग कंबर वळू दे, तिच्यामागून छाती, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी. त्याला वेगळी मेहनत पडता कामा नये.”

पोराला ते साधले. त्याचे पाऊल रोवले जाई, कंबर फिरे, छाती क्षणभर मागे राहून झटक्यात पुढे येई आणि चेंडू माझ्या तळव्यात असा वाजे की शेजारच्या कोंबड्या फडफडत. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

येल्विनला सोळावे लागले तेव्हा लिसांद्रो आला. पोरांना तयार करून अमेरिकन संघांच्या निवडकर्त्यांपुढे उभे करणे हा त्याचा धंदा. त्याच्याकडे चेंडूचा वेग मोजणारे यंत्र होते.

“ताशी अठ्ठ्याऐंशी मैल!” तो म्हणाला. “फेर्मीन, गड्या, ब्याण्णव कर. पोरगं विमानात बसलंच म्हणून समज.”

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ आकड्यासाठी फेकणे सुरू झाले. साठ चेंडूंनंतर येल्विनचे पाय थकत. मग कंबर आणि छाती एकदमच वळत, हात मागे रेंगाळे, कोपर खांद्याच्या खाली उतरे. पायांचे काम कोपराच्या माथी येई. चेंडू फेर्मीनच्या डावीकडे, वर जाऊ लागला. त्याची फिरकी मेली. लिसांद्रोचे डोळे यंत्रावर असत. मला मात्र प्रत्येक चेंडूत ते कळे. माझ्या आत फेर्मीनचा तळहात होता. जे मला कळे, ते त्यालाही कळे.

एका संध्याकाळी येल्विन कोपर दाबत म्हणाला, “पप्पा, आतून दुखतंय.”

त्याची आई निदिया दारातूनच म्हणाली, “फेर्मीन, पोराचा हात सुजलाय. चार दिवस बसू दे त्याला घरी.”

“थकलाय नुसता. शनिवारी निवडकर्ते येणारेत. शनिवार होऊ दे.”

निदियाने बर्फ आणला. फेर्मीन त्या रात्री मला तेल चोळत बसला. मला खूप जपायचा तो.

शनिवारी मैदानाकडेला तीन निवडकर्ते खुर्च्या टाकून बसले होते. येल्विनने पन्नासेक चेंडू फेकले. “ब्याण्णव!” लिसांद्रो किंचाळला. लोकांनी टाळ्या पिटल्या. येल्विनने बापाकडे पाहिले. फेर्मीनने मला पुन्हा समोर धरले.

पुढचा चेंडू माझ्यापर्यंत आलाच नाही. वाटेतच मातीत पडला. येल्विन कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला होता.

निवडकर्त्यांनी वह्या मिटल्या. त्यातल्या एकाने विचारले, “दुसरा कोण आहे?” आणि लिसांद्रोने दुसरा पोरगा उभा केला.

राजधानीतल्या डॉक्टरांनी सांगितले, कोपरात हाडाला हाड बांधून ठेवणारा आतला पट्टा तुटलाय. शस्त्रक्रिया होते, पण पूर्वीचा वेग येईलच असे नाही. लिसांद्रो फोन उचलेनासा झाला.

येल्विन आता मोटारसायकलवरून माणसे पोहोचवतो. त्याचा उजवा हात सरळ होत नाही. वर्षभराने जेवताना त्याने एकदाच विचारले, “पप्पा, तुम्ही समोर बसला होता. तुम्हाला कळलं नाही?”

फेर्मीनने ताटातला भात चिवडला.

“कळत होतं.”

“मग?”

फेर्मीनने ताट बाजूला सारले. येल्विन ताटावरून उठला आणि त्या दिवसापासून तो बापाच्या समोर जेवायला बसत नाही.

त्याच दुपारी फेर्मीनने ऊस तोडायचा कोयता घेतला आणि माझ्या सगळ्या वाद्या कापल्या. माझी बोटे सुटी झाली. आता मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेला असतो.

माझ्यासाठी हळहळू नका, मित्रांनो. मी कातडे आहे. पण तुमच्या मैदानावर कोणी ‘दुखतंय’ म्हणाले, तर त्याच क्षणी खेळ थांबवा, मग समोर कोणीही खुर्च्या टाकून बसलेले असो. ज्यांना कळते आणि तरी जे गप्प बसतात, त्यांच्यापासून स्वतःला जपा. मीही त्यांच्यातलाच एक. फरक एवढाच की मला तोंड नव्हते. फेर्मीनला होते.