नेहमीच्या जागा

मेकॅनिकने बॉनेट खाली आपटलं आणि त्या उंच, सात जणांच्या गाडीची चारही दारं उघडली.

"तीनदा आणलीत. मी एकटा फिरवतो तेव्हा मुकाट चालते. आता सगळे बसा बघू. नेहमी जिथं बसता तिथंच."

मुलगा स्टिअरिंगवर बसला, सून शेजारी, नात मागे खिडकीशी. वडील मात्र गॅरेजच्या फाटकापाशीच घुटमळले.

"मी कशाला? गुडघा दुखतोय माझा."

महिनाभर हा गुडघा त्यांच्या मदतीला धावून येत होता. बाजार, नातीची शाळा, सगळीकडून त्याने त्यांची सुटका केली होती. कारण त्यांनी मनाशी पक्कं ताडलं होतं: आपण बसलो की गाडी दगा देते. भर रस्त्यात इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंगमागचे लाल दिवे एकदम लागायचे, स्टिअरिंग घट्ट व्हायचं आणि मागून ट्रक हॉर्न मारत अंगावर यायचे. एकदा नात किंचाळली होती. आपलाच पायगुण वाईट, असं आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने बोलायचं?

पण उद्या धाकट्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं, दीड तासावरच्या शहरात. "दादा, आत नेण्याआधी तुला बघू दे," ती फोनवर म्हणाली होती. जावं तर गाडीतल्या नातीच्या जिवाला धोका. न जावं तर, या विचारापाशी येऊन त्यांचं मन रोज मागे फिरत होतं.

"आजोबा, या ना!"

ते मागे नातीशेजारी बसले. सीट करकरली. गाडी फाटकापर्यंतही पोचली नाही; दिवे पेटले आणि इंजिन गप्प झालं.

"मी बसलो की असंच होतं," वडिलांच्या तोंडून निघून गेलं.

मेकॅनिकची कळी खुलली. सगळ्यांना उतरवून त्याने मागची सीट उचलली. पेट्रोलच्या पंपाची वायर लोखंडी पट्टीखाली चेपून सोलली गेली होती.

"काका, तुमचं वजन पडलं की ही दबते. अर्ध्या तासाचं काम."

वडील पोट धरून हसले. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेनात.

"आणि मला वाटलं मीच पनवती! सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतंत मला."

सून नातीला घेऊन उगाचच पलीकडे गेली. मुलगा वायरकडे बघत राहिला.

"नसतं काढलं, बाबा."

"का?"

"तुम्ही बसलात की बंद पडते, हे आमच्याही लक्षात आलं होतं."

मेकॅनिक वायरला चिकटपट्टी गुंडाळू लागला. वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनीच विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा," मुलगा मान वर न करता म्हणाला.