उजव्या हाताचा दोर

माझ्यावर पहिले पाऊल टाकताना भलेभले दोर घट्ट धरतात, मित्रांनो. मी एक जुना दोरांचा पूल आहे. समुद्राकाठचा उंच कडा आणि समोरचे खडकाळ बेट यांच्या मधोमध मी टांगलेला आहे. पायाखाली तळच्या दोरांवर बांधलेल्या फळ्या, दोन्ही हातांना एकेक जाड दोर, आणि खाली खोल घळीत आपटणारे पाणी. इथवर मोटारींचा रस्ता नाही. जो तो बसनेच येतो. कड्यावरच्या थांब्यावर उतरायचे, वीस मिनिटे पायवाट उतरायची, की मी दिसतो. परतीची शेवटची बस सव्वापाचला सुटते.

मला मासेमाऱ्यांनी बांधले. बेटाच्या पलीकडे मासळी भरपूर, पण मधली घळ होडीला धार्जिणी नव्हती. म्हणून एका दोर वळणाऱ्या कारागिराने तीन पेडांचे माझे दोर वळले. आज त्याचीच मुलगी माझी राखणदार आहे. येणारे-जाणारे तिला मावशी म्हणतात. पहिली बस येण्याआधी ती रोज दोन्ही दोरांवरून तळवे फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. कुठे पेड सैल झाला, कुठे तंतू तुटला, ते तिच्या हाताला लगेच कळे. तेवढा तुकडा ती बदलून घेई. माझी ती वर्षे निर्धास्त गेली.

पुढे माझी छायाचित्रे छापून आली आणि बसगाड्या भरभरून लोक येऊ लागले. दोर हाताला काचतो, अशी त्यांची तक्रार होती. मग पुलाचा कारभार पाहणाऱ्या कचेरीतल्या साहेबांनी माझ्या दोन्ही दोरांवर निळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या. आता आतला दोर कसा बघायचा, असे मावशीने विचारले. ऊन नाही, पाऊस नाही, दहा वर्षे बघायलाच नको, असे सांगून साहेब हसले. नळ्या काढाव्यात असा तिने अर्ज केला, त्याचे उत्तर आले नाही. काही दिवस तिने नळ्यांवरूनच हात फिरवला. मग तेही सोडले.

मी मोठा देखणा दिसू लागलो. सगळे माझे कौतुक करत. पण नळ्यांच्या सांध्यांतून खारे पाणी आत शिरत होते आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. वाऱ्याच्या बाजूचा माझा उजवा दोर आतून कुजत चालला होता. मला ते कळत होते आणि मी काहीही करू शकत नव्हतो.

त्या दिवशी दुपारच्या बसने एक म्हातारे जोडपे आले. आजोबा टपाल वाटून निवृत्त झालेले. उंचीची त्यांना लहानपणापासून धास्ती. पण मला पाहायची इच्छा आजींची होती, आणि नोकरीत असताना ती दरवर्षी पुढे ढकलली गेली होती. म्हणून आजोबा तीन बस बदलून त्यांना घेऊन आले होते. ते उजवा दोर दोन्ही हातांनी कवटाळून, डोळे अर्धवट मिटून पलीकडे गेले. आजी दुखरे गुडघे सावरत मागून गेल्या. मग बेटावरच्या एका दगडावर बसून दोघे कितीतरी वेळ समुद्र बघत राहिले.

चारच्या सुमाराला वारा सुटला. माझ्या मध्याशी, नळीच्या आत, उजव्या दोराचा एक पेड तुटला. कोणालाही ऐकू गेले नाही. अर्ध्या तासाने दुसरा तुटला. आता सगळा भार एकाच पेडावर होता, आणि तोही सडलेला. बेटावर एकोणीस माणसे होती.

दुसरा पेड तुटला तेव्हा नळी जराशी पिळली गेली आणि तिच्या टोकातून तपकिरी पाणी ओघळले. मावशी कड्याच्या बाजूला उभी होती. पाण्याचा वास आला मात्र, तिचा चेहरा उतरला. कुजलेल्या दोराचा वास ओळखायला ती बापाच्या हाताखाली शिकली होती. तिने कमरेची सुरी काढून नळी चिरली. बोट दोरात रुतले. मग वळून डाव्या दोराची नळी चिरली. तो मात्र टणक होता. तिने कड्याच्या बाजूचे फाटक बंद केले आणि डावा दोर धरून ती एकटीच बेटाकडे निघाली. पावणेपाच झाले होते आणि बसच्या घाईने पलीकडे रांग लागू लागली होती.

तिने बेटाच्या टोकाला हात पसरून सगळ्यांना अडवले. लोक चिडले. एक धिप्पाड दुकानदार होता, तो सर्वांत जोरात भांडू लागला. शेवटची बस चुकली तर जबाबदार कोण, असा त्याचा सवाल होता.

"बस चुकली तर माझ्या घरी चला, मी जेवायला घालीन," मावशी म्हणाली. "दोर तुटला तर माझ्याकडे काही इलाज नाही."

रांग दोन पावले मागे सरली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "चूक माझी आहे. रोज हात लावून बघायचं, ते मी सोडलं. या वाऱ्यात होडी लागणार नाही, आणि रात्रभर इथं थांबायला आडोसा नाही. आता एकेकानं जायचं. डावा दोर धरायचा. उजव्याला बोटही लावायचं नाही."

पहिली बाई निघाली. तिचा एकेक पाय माझ्या फळीवर पडत होता आणि मी अंग चोरून, जमेल तेवढा स्थिर राहत होतो. एका माणसाला पार व्हायला तीन मिनिटे लागत. सव्वापाच वाजले तेव्हा अजून निम्मे लोक पलीकडेच होते.

थोड्या वेळाने पायवाटेवरून कंडक्टर खाली आला. प्रवासी का येत नाहीत, ते बघायला तो निघाला होता. काय चालले आहे ते त्याच्या ध्यानात आले. तो काही न विचारता माझ्या टोकाशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून वर घेऊ लागला. बस थांबलेली आहे, घाई करू नका, एवढेच तो सांगत होता.

शेवटी आजी-आजोबा उरले. आजोबा एकटे जायला तयार होईनात. पण दोघांना एकदम सोडता येत नव्हते.

"तुम्ही पुढे व्हा," आजी म्हणाल्या. "मी काही इथे नवा संसार थाटायला थांबत नाही."

आजोबा कंडक्टरच्या चेहऱ्यावर नजर रोखून पार झाले. मग आजी निघाल्या. त्या माझ्या मध्याच्या थोड्या पुढे होत्या, तेव्हा वाऱ्याचा झोत आला आणि तिसरा पेड तुटला. निळी नळी दोरासकट खाली घळीत लोंबू लागली. मी उजव्या अंगाला कललो. आजी मटकन फळीवर बसल्या. आजोबा पुढे झेपावले, पण कंडक्टरने त्यांना कमरेला मिठी मारून धरले.

आजोबांनी तिथूनच ठाम आवाजात सांगितले, "खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि बसल्या बसल्या सरक."

डाव्या दोराला घट्ट धरून आजी एकेक फळी सरकू लागल्या. बावीस फळ्या होत्या. प्रत्येक फळीला मी डाव्या दोरात जीव ओतत होतो. कंडक्टरने त्यांना वर ओढले. आजोबा खिशातला रुमाल काढून आजींचे खरचटलेले तळवे पुसत राहिले.

बेटावर आता मावशी एकटी होती. बस सोडा, मला न्यायला होडी येईल, असे तिने हातवारे करून सांगितले. तेव्हा तो भांडणारा दुकानदारच आडवा आला. बेटाच्या पाठीमागे होडी लावायची जागा होती, आणि वारा पडून तिकडे होडी लागेपर्यंत बस हलवायची नाही, असे त्याने कंडक्टरला बजावले. कोणीही कुरकुर केली नाही. मावशी होडीत बसली, मगच बस सुटली.

पुढे चौकशी झाली. मावशीने आपला अर्ज दाखवला आणि आपली चूकही सांगितली. सात महिने मी बंद होतो. आता माझे दोर नवे आहेत आणि त्यांवर नळ्या नाहीत. ते हाताला काचतात, पण मावशीला त्यांचा पेडन्पेड दिसतो.

मित्रांनो, तुमच्या बागेतला झोपाळा, गच्चीचा कठडा, शाळेचा जिना छान रंगवलेला असेल. रंगाच्या आत कोणी आणि कधी पाहिले, ते मोठ्यांना विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. आम्ही निमूटपणे भार सोसतो, म्हणून आमचे सगळे ठीक चालले आहे असे समजू नका. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला हात आहेत.