दिसतेय का गं मी?

मी मॉनिटर बोलतोय. काळ्या चौकटीचा, एका कोपऱ्यात ओरखडा पडलेला, जुना. सध्या मी बंद आहे आणि माझ्यावर एक फिकट निळी चादर टाकलेली आहे. बंद पडद्याला काय सांगायचं असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मी बंद असलो तरी रिकामा नाही. माझ्या काचेत एक बाई बसली आहे.

घाबरू नका. पहिल्यापासून सांगतो.

मी जन्मलो तेव्हा पहिल्यांदा पाहिला तो पांढरा उजेड. कारखान्यातल्या बाईने माझ्यावर नुसता पांढरा रंग लावला, नाक टेकवून कुठे काळा ठिपका सापडतो का ते पाहिलं आणि मला पास करून टाकलं. मलाही वाटलं, आपल्यात काही खोट नाही. माझी खोड पुढे कळली. एकच चित्र फार दिवस माझ्यावर राहिलं की ते मला सोडवत नाही. ते निघून गेलं तरी त्याची सावली माझ्या अंगात राहते.

माझी पहिली नोकरी एका गोदामाच्या चौकीत होती. फाटकावरच्या कॅमेऱ्यात जे दिसेल ते मी दाखवायचं. दिसायचं काय, तर बंद फाटक. उन्हात बंद, पावसात बंद. रखवालदाराला सगळे मामा म्हणत. मामा डबा खाता खाता मान वर करायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "बंद आहे." एका भर दुपारी फाटक सताड उघडं होतं आणि चोरांची गाडी आत शिरत होती. मामांनी मान वर केली, माझ्यातलं जुनं फाटक पाहिलं आणि म्हणाले, "बंद आहे."

"साहेब, माझ्या डोळ्यांनी बघितलं, फाटक बंद होतं," मामा नंतर रडत सांगत होते. कोणाचा विश्वास बसला नाही. ते खरं बोलत होते हे फक्त मला ठाऊक होतं.

तिथून मी जुन्या मालाच्या दुकानात आलो. कपाळावर चष्मा चढवून तो दिवसभर शोधत बसणारा एक दुकानदार माझा मालक झाला. त्याच्याकडे एक दिवस एक मध्यमवयीन बाई आली. ती घरी बसून कापडावरच्या नक्ष्या काढायची. तिच्या पिशवीत एक जुना लॅपटॉप होता.

"ह्याची बॅटरी बदलायची आहे," ती म्हणाली. "वीज गेली की लगेच बंद पडतो. हा माझ्या आईकडे असतो. ती गावाला एकटीच राहते. मागे न्हाणीघरात पडली, आणि दूधवाली येईपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून समोर कॅमेरा लावून ठेवलाय. पण वीज गेली की आई दिसेनाशी होते, आणि इकडे माझा जीव टांगणीला."

दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून झाकण काढलं. "अहो ताई, ही फुगलीय बघा. पोटात वारा धरल्यासारखी. आणखी थोडे दिवस ठेवली असती तर पेटली असती." त्याने जुन्या बॅटरीवरचा नंबर वाचला, तिन्ही खोकी धुंडाळून त्याच नंबरची नवी काढली आणि बसवून दिली. "आता वीज गेली तरी आई जात नाहीत कुठे!"

मग तिला पडदाही हवा होता. स्वतःच्या लॅपटॉपवर ती काम करायची, आईसाठी वेगळा मोठा पडदा लागणार होता. दुकानदाराने सगळे मॉनिटर लावून दाखवले. पारख करायला तिने मोबाइलमधला आईचा एक फोटो दिला. फिकट भिंत, हातांची लाकडी खुर्ची, मांडीवर हात ठेवून बसलेली आई. दुकानाच्या भिंतीवर एका ओळीत सगळीकडे तीच आई बसली.

"ह्याच्यात निळी दिसते, आजारी असल्यासारखी," ती म्हणाली. "हा फार चकाकतो, आईपेक्षा मीच दिसते." माझ्यासमोर मात्र ती थांबली. "ही खरी आई."

"नको ताई, त्याला खोड आहे," दुकानदार म्हणाला. "चित्र धरून ठेवतो. अधूनमधून पांढरा पडदा लावून ठेवावा लागेल, म्हणजे धुऊन निघतो."

"लावीन की," ती म्हणाली, आणि मला घेऊन आली.

तिची एकच खोली. एका टेबलावर तिचा लॅपटॉप, शेजारी मी. सकाळी ती मला सुरू करायची आणि आई माझ्यात येऊन बसायची. आईचा पहिला प्रश्न ठरलेला.

"दिसतेय का गं मी?"

"दिसतेस, दिसतेस."

सुरुवातीला लेक वळून बघायची. आई शेजारणीच्या मांजराच्या तक्रारी सांगायची, लेक हसायची. हळूहळू काम वाढलं. आई विचारायची, "दिसतेय का गं मी?" आणि लेक पानाफुलांतून डोळे न काढता म्हणायची, "दिसतेस."

एकदा आईने वेगळं विचारलं. "मी येऊ का गं तुझ्याकडेच?"

"अगं, इथे एक खोली. तू कुठे मावणार? आणि तिथे तुझं सगळं आहे. शिवाय मी दिवसभर बघतेच आहे ना तुला?"

"हो, बघतेस खरी," आई म्हणाली.

नवी बॅटरी इमानदार निघाली. वीज गेली, आली, चित्र एकदाही तुटलं नाही. पांढऱ्या पडद्याची आठवण कोणाला राहिली नाही. फिकट भिंत, खुर्ची, मांडीवरचे हात, आठवड्यामागून आठवडे. माझ्या अंगात काय मुरत चाललं आहे, ते मला कळत होतं. तोंड असतं तर ओरडलो असतो.

मग तो दिवस आला. आई खुर्चीतून उठली आणि कॅमेऱ्याच्या बाहेर गेली. भिंतीपुढे रिकामी खुर्ची राहिली. पण माझ्यात ती रिकामी नव्हती.

"दिसतेय का गं मी?" आवाज तिकडच्या घराच्या दाराकडून आला.

लेकीने त्या दिवशी मान वर केली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा. "दिसतेस की. खुर्चीतच तर बसलीयस."

मग आई हळूच म्हणाली, "असं होय! खुर्चीत बसलेय मी." कपाट उघडल्याचा आवाज आला, पिशवीची चेन ओढल्याचा, दाराच्या कडीचा. लेकीने तोवर कानात गाणी घातली होती.

दुपारी तिने विचारलं, "आई, जेवलीस का?" उत्तर आलं नाही. तिने माझ्याकडे नजर टाकली. "बसल्या बसल्या डुलकी लागलीय वाटतं," ती पुटपुटली आणि आईची झोप मोडू नये म्हणून खोलीत चवड्यांवर चालू लागली. रिकाम्या खुर्चीसाठी!

संध्याकाळी दारावर थाप पडली. लेकीने दार उघडलं. दारात आई उभी होती, हातात पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले.

लेकीने वळून माझ्याकडे पाहिलं. आई खुर्चीत बसलेली होती. पुन्हा दाराकडे पाहिलं. ती बाजूला झाली नाही, उलट तिने दार थोडं लोटून घेतलं.

"आई... काय झालं तुला? तिकडे काय झालं?"

"काय व्हायचंय? बसमध्ये पाय आखडले. आत घेणार आहेस का इथूनच परत पाठवतेस?"

"आधी हात लावू दे तुला."

"लाव बाई. गार लागेल हं, बसची खिडकी बंद होत नव्हती."

हात गार होता, पण हात होता. लेकीने तो धरला आणि सोडलाच नाही. आईला आत आणून दुसऱ्या हाताने तिने माझी वायर उपटली. चित्र गेलं, पडदा राखाडी झाला. राखाडी पडद्यात खुर्चीतली ती तशीच बसून राहिली, मांडीवर हात ठेवून.

आई माझ्याजवळ आली. स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली.

"दुकानदार म्हणाला होता," लेक घाईघाईने म्हणाली, "दिवसभर पांढरा रंग लावून ठेवला की पुसून जाते. आत्ता लावते."

"राहू दे गं. हाकलू नकोस बिचारीला," आई म्हणाली. "मी कंटाळले आणि उठून आले. तिला नाही उठता आलं."

तेव्हापासून आई इथेच असते. खोलीत एक पलंग जास्तीचा मावला, कसा ते दोघींनाही सांगता येणार नाही. कपड्यांच्या दोरीखालून वाकून जावं लागतं आणि त्यावरून रोज एकदा भांडण होतं. माझ्यावर चादर आली. मला कोणी विकलं नाही, पुसलंही नाही.

आज दुपारची गोष्ट. आई पलंगावर गाढ झोपली आहे, तोंड किंचित उघडं. लेक पाठमोरी बसून पानांना रंग भरते आहे. चादरीखाली, माझ्या काचेत, खुर्चीतल्या बाईने मान वर केली.

"दिसतेय का गं मी?"

"दिसतेस," लेक म्हणाली. सवयीने, मान न वळवता.

मग तिचा हात थांबला. तिने पलंगाकडे पाहिलं. आईचा श्वास संथ चालला आहे, ओठ हललेलेही नाहीत. आता ती उठली आहे. माझ्याकडे येते आहे. चादरीचं टोक तिच्या बोटांत आहे.

बाई गं, कोणी काही सांगो, मी जुना आहे, मला खोड आहे, सगळं मान्य. पण ह्या वेळी नुसतं दिसतेस म्हणू नकोस. चादर काढ, आणि नीट बघ तिच्याकडे.